वेल्समधले किल्ले: वीसपैकी दहा झाले

कार्डिफला येऊन सात महिने झाले. सप्टेंबरमध्ये खोलीत सामान लावल्यावर भिंतीवर वेल्सचा नकाशा लावला आणि ठरवलं, एम.एस्सी.चं वर्ष संपायच्या आत वीस किल्ले पाहायचे. दरवाजा, पाणी, तट आणि शौचकूप या चारही गोष्टी वहीत उतरल्या तरच तो किल्ला धरायचा. आज आकडा दहावर आहे: कार्डिफ, केअरफिली, चेपस्टो, रॅग्लन, कॉइटी, ऑगमोर, किडवेली, कॅरेग केनेन, कॉन्वी, ब्यूमॅरिस. कास्टेल कॉखही पाहिला, पण धरला नाही. विल्यम बर्जेसनं तो १८७० च्या दशकात ब्यूटच्या मार्क्विससाठी जुन्या अवशेषांवर नव्यानं उभारला. देखणा आहे, पण माझ्या वहीत बसत नाही.

सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं ते डोंगरासाठी. आपल्याकडे निम्मा किल्ला निसर्गानंच बांधून ठेवलेला असतो. ताशीव कडा असला की तिथे तटाचीही गरज नसते. ऑक्टोबरात पहिल्यांदा केअरफिलीला गेले, कार्डिफपासून लोकलनं वीसेक मिनिटं, तर स्टेशनबाहेर रस्ता उतारालाच लागला. किल्ल्यावर चढायचं असतं; उतरून किल्ला गाठायचा हे मनाला पटेना. समोर तळं, तळ्यात बेटासारखा किल्ला. मी जंजिरा आठवत फोटो काढत राहिले आणि दिवस संपला. वहीत त्या दिवशी फक्त 'पाणी भरपूर' एवढंच लिहिलंय.

केअरफिली कळायला तीन शनिवार लागले. तिसऱ्या वेळी किल्ल्यात न शिरता आधी बाहेरून पूर्वेच्या बाजूनं चालत गेले, तेव्हा लक्षात आलं की ज्याला मी बाहेरचा तट समजत होते ते धरण आहे. एक लहानसा ओढा अडवून ही सगळी तळी केली आहेत आणि त्या बांधालाच बुरूज आणि दरवाजे बसवलेत. म्हणजे शत्रूला आधी धरण जिंकावं लागणार, मग बाहेरचा तट, मग आतला. पाण्यामुळे तटाखाली सुरुंग खणता येत नाही आणि दगडफेकी यंत्रं जवळ आणता येत नाहीत. आपल्याकडे कडा जे काम करतो ते इथे माणसांनी पाण्याकडून करून घेतलंय. गिल्बर्ट डी क्लेअर या सरदारानं १२६८ मध्ये काम सुरू केलं, ते वेल्सचा राजपुत्र ल्यूएलिन याच्या धास्तीनं. ल्यूएलिननं १२७० मध्ये हल्ला करून ते उधळलं आणि १२७१ मध्ये डी क्लेअरनं पुन्हा हात घातला. सुमारे ३० एकरांचा हा पसारा वेल्समधला सर्वांत मोठा किल्ला आहे.

आतल्या पूर्व दरवाजापाशी मी दोन तास होते. दोन्ही अंगांना बुरूज, मधे बोळ, बोळाला वरून खाली सुटणाऱ्या जाळीच्या दारांच्या दगडातल्या खाचा. त्या खाचांत बोटं घालून पाहिल्या. बाहेरच्या तोंडाला खाच असणारच, पण आतल्या तोंडालाही आहे! म्हणजे शत्रू अंगणात शिरला तरी दरवाजाची इमारत दोन्हीकडून बंद करून लढत राहता येतं. आपल्या महादरवाजाला देवड्या असतात, पहारेकऱ्यांची सोय असते, पण दरवाजा हाच बालेकिल्ला ही कल्पना मी पहिल्यांदा पाहिली. आग्नेयेचा बुरूज मात्र सुमारे १० अंश कललाय आणि तसाच उभा आहे. बघताना पोटात गोळा येतो.

चेपस्टोबद्दल थोडक्यात. वाय नदीच्या कड्यावर १०६७ पासूनचा किल्ला, लांबट आणि अरुंद, जागेची निवड आपल्याला ओळखीची वाटते. मोठ्या वाड्याच्या भिंतीत रोमन विटांचा तांबूस पट्टा आहे, जुन्या रोमन वस्तीतून आणून लावलेला. पण तिथे जायचं ते दरवाजासाठी. लाकडाच्या वलयांवरून काळ काढलाय, ११९० च्या आधीची ही दारं आहेत आणि १९६२ पर्यंत ती जागेवरच होती. आता आत ठेवलीत. समोरून लोखंडी पत्रे, मागून लाकडी पट्ट्यांची जाळी. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे हत्तीसाठी, इथे हत्ती नाही. इथली भीती आगीची आणि कुऱ्हाडीची. दार पाहून शत्रू ओळखता येतो, हे मला तिथे उमगलं.

ऑगमोर लहान आहे, तिकीट नाही, नदीतल्या दगडांवरून उड्या मारत पलीकडे जाता येतं. अर्धा दिवस पुरतो.

आता कॅरेग केनेन. दहांपैकी एकाच किल्ल्यावर पुन्हा जायला मिळालं तर मी इथेच जाईन. लान्दायलोला गाडीतून उतरून चालत गेले. वाटेत मेंढ्या, चिखल, दगडी कुंपणं आणि मग वळणावर अचानक तो दिसला: चुनखडीचा कडा, खाली केनेन नदी, वर तट. नोव्हेंबरचा गार वारा होता, पण मला थेट पवन मावळात उभी असल्यासारखं वाटलं. शेवटची चढण शेताच्या आवारातून जाते. कड्याची उंची नदीपासून ९० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या मानानं टेकाड. पण रचना आपली! उत्तरेकडून वर जाणारी वाट पायऱ्यांची, मधे खोल खड्डे, त्यांवर एके काळी उचलते पूल, आणि दरवाजाशी येताना काटकोनात वळण. धावत येऊन दारावर आपटायला जागाच ठेवलेली नाही. लोहगडाच्या गणेश दरवाजापासून वर वळत जाताना जसं सतत डोक्यावर कुणीतरी आहे असं वाटतं, तसंच इथे वाटतं.

आणि गुहा. आतल्या अंगणाच्या आग्नेय कोपऱ्यातून पायऱ्या उतरतात, मग कड्याच्या कडेनं कमानदार छताचा बोळ, त्याला दरीकडे उजेडाची भोकं, आणि पुढे डोंगराच्या पोटात नैसर्गिक गुहा. विजेरी लागतेच. माझ्याकडे डोक्याला बांधायची होती. जमीन ओली, छत मधेच इतकं खाली येतं की वाकून जावं लागतं. शेवटी झिरपून साचलेलं थोडं पाणी. मी विजेरी बंद करून थोडा वेळ उभी राहिले. एकच थेंब ठरावीक वेळानं पडत होता. किल्ल्याला विहीर नाही, पावसाचं पाणी साठवूनच भागवायचे. गडावरच्या टाक्याचं पाणी ओंजळीनं प्यायलेल्यांना पाण्याचा हा हिशोब वेगळा सांगायला नको.

१४६२ मध्ये गुलाबांच्या युद्धात, म्हणजे इंग्लंडच्या गादीसाठी दोन घराण्यांत झालेल्या लढायांत, यॉर्क पक्षानं हा किल्ला घेतला आणि ५०० माणसं लावून कुदळी-पहारींनी पाडला. पुन्हा शत्रूनं बळकावू नये म्हणून. रॅग्लनला १६४६ च्या वेढ्यानंतर तेच घडलं. तिथला मोठा बुरूज पायाखाली खणून ढासळवला, अर्धा अजून उभा आहे. या दोन्ही ठिकाणी मला आपले १८१८ नंतर इंग्रजांनी सुरुंग लावून फोडलेले दरवाजे आणि तासून टाकलेल्या पायऱ्या आठवल्या. लहानपणापासून त्या पडझडीकडे मी फक्त रागानं पाहत आले. राग आजही आहे. पण ही रीत इंग्रजांनी आधी स्वतःच्या बेटावर, आपसातल्या भांडणांत, शेकडो वर्षं वापरलेली होती हे इथे डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या फुटक्या दरवाजांकडे पाहण्याची माझी नजर थोडी बदलली.

त्या संध्याकाळी परतीची गाडी हुकली. त्या मार्गावर दिवसभरात मोजक्याच गाड्या असतात आणि मी गुहेत जास्त रेंगाळले होते. स्टेशनच्या बाकावर पुढच्या गाडीची वाट पाहत वहीत नकाशा पक्का केला. हिवाळ्यात इथे येणाऱ्यांनी हे धरून चालावं: डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो आणि बरेच किल्ले चारलाच बंद होतात. सकाळची पहिली गाडी पकडा. कॅडूचं वार्षिक सदस्यत्व घ्या. ही वेल्स सरकारची वारसा जपणारी संस्था, वेल्श भाषेत 'कॅडू' म्हणजे 'राखणे'. माझे पैसे काही किल्ल्यांतच वसूल झाले.

मार्चमध्ये जोडून सुट्टी मिळाली आणि उत्तरेला गेले. कार्डिफहून कॉन्वी रेल्वेनं चार तासांहून जास्त. पहिल्या एडवर्डनं वेल्स जिंकल्यावर १२८३ ते १२८७ या चारच वर्षांत हा उभा केला, जेम्स ऑफ सेंट जॉर्ज या गवंड्यांच्या म्होरक्याच्या देखरेखीखाली. आठ जाडजूड बुरूज, आत सुमारे २८ मीटर खोल विहीर. पश्चिमेच्या दारावर दगडी घोड्यांवर, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या आधारांवर, पुढे काढलेला सज्जा आहे, त्याच्या भोकांतून खालच्यावर दगड टाकता येतात. शहराचा तट १.३ किलोमीटर, २१ बुरूज, आणि त्यावर एका रांगेत बारा शौचकूप! राजाच्या कारकुनांसाठी बांधलेले. या चौथ्या रकान्यासाठी मला मित्रमंडळी चिडवतात, पण गडावर किती माणसं राहत होती याचा अंदाज त्यातूनच लागतो.

दुसऱ्या दिवशी ब्यूमॅरिस. १२९५ मध्ये सुरू झालेला, पैसा स्कॉटलंडच्या युद्धाकडे वळला आणि कधीच पुरा झाला नाही. सपाट दलदलीत एकात एक दोन तट, आतला उंच, बाहेरचा बुटका, म्हणजे दोन्हींवरून एकाच वेळी बाण सोडता येतात. दोन तटांमधून पूर्ण फेरी मारली आणि पाय आपोआप राजगडाच्या संजीवनी माचीवर गेले. तिथेही चिलखती तट, पण मधली जागा किती अरुंद! इथे मध्ये घोडी फिरू शकतील, तिथे दोन माणसं जेमतेम. कॉन्वी आणि ब्यूमॅरिस १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, राजगड २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांबरोबर आला. एकाच यादीतले दोन दुहेरी तट, आणि दोन अगदी वेगळी उत्तरं.

पुढचं लक्ष्य कास्टेल इ बेर. हा इंग्रजांचा नाही, थोरल्या ल्यूएलिननं १२२१ मध्ये सुरू केलेला, डोंगराच्या सोंडेवर. शेवटचा टप्पा चालत जायची तयारी आहे. त्यानंतर हार्लेक आणि कर्नार्व्हन, मग परीक्षा.

एक विनंती. तुमच्यापैकी कुणी या महिन्यात राजगडावर जाणार असाल तर संजीवनी माचीच्या दोन तटांमधलं अंतर तीन-चार जागी फुटपट्टीनं नव्हे, टेपनं मोजून आणा, आणि बाहेरच्या तटाची आतून उंचीही. ब्यूमॅरिसची मापं माझ्याकडे तयार आहेत. दोन्ही नकाशे एका पानावर, एकाच प्रमाणात काढायचे आहेत.