आधीच मेलेल्यांना मारून काय सुधारणार?

हॅझबिन हॉटेल या अ‍ॅनिमेटेड सिरीजचा पहिला सीझन परत एकदा बघून काढला आणि एक गोष्ट डोक्यात अडकून बसलीये, ती लिहून मोकळी होते. स्पॉयलर भरपूर आहेत, बघितलं नसेल तर इथूनच मागे फिरा. आणि पहिल्या सीझनपुरतंच बोलतेय, दुसऱ्याचं मधे काढत नाही.

तर व्हिलनला चांगला करायचा असेल तर रायटर लोकांचा ठरलेला शॉर्टकट असतो, शेवटी कुणासाठी तरी त्याला मरायला लावायचं. मेला की पापं फिटली. मग त्याने आधी ज्यांना छळलं त्यांनी माफ केलं का, आणि जगला असता तर दुसऱ्या दिवशी तरी नीट वागला असता का, ही सगळी कटकटच मिटते. पण ही सिरीज घडते नरकात, इथले पापी सगळे आधीच मेलेले. म्हणजे हा शॉर्टकट इथे बंदच असायला हवा ना? मला तर या कल्पनेतली खरी गंमत तीच वाटते. लुसिफरची मुलगी चार्ली हॉटेल काढते, पापी लोकांना सुधारून स्वर्गात पाठवायचं म्हणून, कारण दरवर्षी स्वर्गातनं फौज येऊन कत्तल करून जाते, म्हणजे मेलेले पुन्हा एकदा मरतात, आणि तिला ते बघवत नाही. सिरीज बनवणाऱ्या विव्हियन मेड्रानोने २०१९ मधे यूट्यूबवर पायलट टाकला तेव्हापासून हेच बीज आहे, सीझन प्राइमवर यायला मात्र २०२४ उजाडलं.

चौथा एपिसोड घ्या. हॉटेलात राहणारा पॉर्न स्टार एंजल डस्ट, त्याचा आत्मा स्टुडिओवाल्या व्हॅलेंटिनोकडे काँट्रॅक्टने बांधलेला, तो त्याला स्टुडिओत वाट्टेल तसा राबवतो आणि मारतोही. चार्ली मदत करायला म्हणून थेट सेटवर जाऊन पोचते. नेहमीच्या कार्टूनमधे इथे हिरॉइनचं भाषण होतं आणि दुष्ट माणूस गप्प बसतो. इथे तिच्यामुळे एंजलचे हाल अजून वाढतात, बंद दाराआड, आणि ती काही करू शकत नाही. मग त्याला सावरतो कोण तर हस्क, तो बारमागचा कुरकुऱ्या. तो स्वतः जुगारात आत्मा हरलेला, आणि तो एंजलला तू ग्रेट आहेस वगैरे अजिबात म्हणत नाही, म्हणतो तू लूजर आहेस, मीही आहे, चल. गाणं संपतं तरी काँट्रॅक्ट जिथल्या तिथे. एवढंच बदललं की आता त्याला दारूच्या ग्लासासमोर नाटक करावं लागत नाही. सुधारणा दाखवायची तर अशी, कुणी मरत नाही, कुणी सुटतही नाही.

सहाव्या एपिसोडात तर मी पॉज करून हसले. चार्ली स्वर्गात केस लढायला जाते आणि कळतं की स्वर्गात यायला नक्की काय करावं लागतं हे तिथे कुणालाच माहीत नाही! चित्रगुप्ताची वहीच नाही म्हणा ना. अ‍ॅडम, म्हणजे जगातला पहिला माणूस आणि कत्तलीचा म्होरक्या, तो घाईघाईत तीन मुद्दे खरडतो, निःस्वार्थ वागा, चोरी करू नका, वरच्याला नडा. आणि तेव्हाच खाली नरकातल्या क्लबमधे एंजल हॉटेलच्या मोलकरणीसाठी, निफ्टीसाठी, उभा राहून व्हॅलेंटिनोला तोंडावर नडतोय, हे सगळं कोर्ट बघतंय. तरी काहीच होत नाही. मोठ्या लोकांच्या ऑफिसात नियम कसे असतात त्याचं इतकं नेमकं चित्र मी कार्टूनमधे बघितलं नव्हतं.

आणि आता फिनाले. सर पेन्शियस, तोच साप, जो आधी व्हॉक्स नावाच्या नरकातल्या एका बड्या धेंडाचा हेर म्हणून हॉटेलात घुसलेला आणि पकडला गेल्यावर सॉरी म्हणून राहिलेला, तो एंजलची मैत्रीण चेरी बॉम्ब हिला किस करून आपलं विमान घेऊन अ‍ॅडमवर जातो आणि एका फटक्यात गायब. नंतर बघतो तर हा स्वर्गात! बघताना मीही ओरडले हो, खोटं कशाला बोलू. पण नंतर चिडचिड झाली. जो शॉर्टकट बंद केला होता तोच मागच्या दाराने आत घेतला, फक्त मरण एकदाचं दोनदा केलं. हॉटेलमुळे तो पोचला की त्या एका उडीमुळे? उडीमुळे असेल तर चार्लीच्या सगळ्या ग्रुप अ‍ॅक्टिव्हिटीज फुकट गेल्या की.

त्यातल्या त्यात बॅलन्स होतो तो अ‍ॅडमच्या मरणाने. लुसिफर त्याला बदडतो, चार्ली बापाला आवरते, आता माफीचा सीन येणार असं वाटतं आणि निफ्टी मागून येऊन सुरी खुपसते. भाषण नाही, पश्चात्ताप नाही. पेन्शियसच्या मरणाला एवढा अर्थ आणि याच्या मरणाला शून्य, तेही एकाच एपिसोडात.

अ‍ॅलॅस्टरला, म्हणजे हॉटेल चालवायला मदत करणाऱ्या रेडिओ डीमनला, मात्र त्यांनी अजून हात लावलेला नाही आणि प्लीज लावू पण नये. कायम हसणारा गोड व्हिलन, हा ट्रोप, म्हणजे ठरलेला साचा, घासून गुळगुळीत झालेला, पण अ‍ॅडम त्याची काठी तोडतो तेव्हा आवाजातली ती रेडिओची खरखर जाते आणि साधा घाबरलेला माणूस ऐकू येतो, हसू मात्र तसंच. मग गाण्यात सगळे आशेचं बोलत असताना हा स्वतः ज्या डीलमधे अडकलाय त्यातनं सुटायची पळवाट शोधतोय. त्याला सुधारायचंच नाहीये, आणि हॉटेलचा खरा पेपर तोच आहे, पेन्शियस तर आधीपासूनच लोण्याचा गोळा होता. एंजलला पण असंच उडवून वर पाठवलं ना, तर मी सिरीज सोडणार, आत्ताच सांगते.