क्यू उद्यानातील मरीआन नॉर्थ दालन: फळचित्रे पाहायला जाणाऱ्यांसाठी

लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानात मी गेले ते एकोणिसाव्या शतकातील इंग्रज चित्रकार मरीआन नॉर्थ यांची फळचित्रे पाहण्यासाठी. क्यू गार्डन्स स्थानकावरून व्हिक्टोरिया गेट चालत पाच-सात मिनिटांवर आहे. तिथून आत शिरून डावीकडे कुंपणाच्या कडेने गेले की व्हरांड्याची विटांची इमारत दिसते. हे दालन 1882 साली खुले झाले. त्याचा आराखडा जेम्स फर्ग्युसन यांचा, ज्यांनी आपल्या अजिंठा-वेरूळच्या लेण्यांचा अभ्यास केला होता.

युरोपातील वनस्पतिचित्रांची रूढ पद्धत म्हणजे कोऱ्या कागदावर जलरंगात एकच फांदी आणि शेजारी कापलेले फळ. नॉर्थबाईंनी मात्र तैलरंग घेतले आणि झाड जिथे वाढते तिथला परिसरही चित्रात आणला. जमैकात काढलेले जायफळाचे चित्र जरूर शोधा. मूळचे इंडोनेशियातील मोलुक्का बेटांवरचे हे झाड, आणि शेजारी अमेरिका खंडांखेरीज कुठेही न आढळणारा गुंजनपक्षी (हमिंगबर्ड)! मसाल्याची झाडे साम्राज्यांनी कुठून कुठे नेली, हे त्या एका चौकटीत दिसते. सिंगापूरच्या माकडासह रंगवलेल्या मँगोस्टीन या फळाच्या चित्रापाशी मी सर्वाधिक रेंगाळले, कारण हे फळ आपल्या कोकमाचे सख्खे भावंड आहे. या फळाच्या बुडाशी फुलासारखी नक्षी असते. तिच्या पाकळ्या मोजल्या की आतल्या पांढऱ्या फोडी किती, हे फळ न फोडताच कळते.

आठशेहून अधिक चित्रे एकमेकांना खेटून छतालगतच्या खिडक्यांपर्यंत लावलेली आहेत, त्यामुळे वरच्या रांगांसाठी छोटी दुर्बीण अवश्य न्यावी. मांडणी प्रदेशवार असल्याने एखादाच प्रदेश निवडून सावकाश पाहणे मला अधिक योग्य वाटते. चित्रांखाली 246 प्रकारच्या लाकडांच्या पट्ट्या आहेत, त्याही नजरेआड करू नयेत. इथे येणाऱ्यांना चहा-कॉफी मिळावी ही नॉर्थबाईंची इच्छा उद्यानाचे तेव्हाचे संचालक जोसेफ हूकर यांनी नाकारली, तेव्हा बाईंनी दारांवर चहा आणि कॉफीची झाडे रंगवली.

तिकीट उद्यानाचेच असते, दालनाचे वेगळे नाही, आणि ते ऑनलाइन आधी काढल्यास स्वस्त पडते. शक्यतो आधी शेजारचे वनस्पतिचित्रांचे शर्ली शेरवूड दालन पाहावे, कारण तिथे रूढ पद्धतीची चित्रे असली तर नॉर्थबाईंचे वेगळेपण लगेच लक्षात येते. शेवटी उद्यानातल्या पाम हाऊस या उबदार काचगृहामध्ये कोको आणि केळीची जिवंत झाडे पाहावीत. थंडीत तिथल्या दमटपणाने चष्म्यावर आणि कॅमेऱ्यावर वाफ धरते, म्हणून रुमाल हाताशी ठेवावा.