साडेनऊशेच्या ग्लासातला बर्फ

एप्रिलमधला शनिवार. म्हापशातल्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं, तेवढ्यात फोन आला. पणजीतलं एक हॉटेल. "आइस मशीन बंद पडलंय, आठ वाजता बार भरतो, काहीही करा पण या." आवाज पुण्याकडचा, घाई मुंबईची.

मी फ्रिज-एसीवाला. एप्रिल म्हणजे आमची दिवाळी. मासळीवाल्यांचे डीप फ्रीझर, बारवाल्यांचे बीअर कूलर, लोकांचे एसी. पंचवीस वर्षांत गोव्यातल्या बहुतेक गावांच्या मागच्या दारांनी मी आत गेलोय. पुढच्या दारानं क्वचित. हेही मागचंच दार होतं. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामात अर्धा तास गेला, मांडवी ओलांडली आणि मळा नावाच्या भागाकडून फोंतेन्हासमध्ये, पणजीतल्या जुन्या वस्तीत, शिरलो. तिथे शनिवारी संध्याकाळी स्कूटर लावायलाही जागा नसते. पिवळ्या-निळ्या भिंतींना टेकून फोटो काढणाऱ्यांच्या मधून प्रेशर मोजायच्या गेजचा सेट आणि गॅसची टाकी खांद्यावर घेऊन जायचं म्हणजे दहा जणांच्या फोटोत आपण येणारच. येऊ द्या.

हॉटेल ज्या घरात होतं, ते घर मात्र खरं जुनं. चिऱ्याच्या दोन हात जाड भिंती, त्यावर चुन्याचा गिलावा, माणसाच्या छातीएवढं उंच जोतं. दिवाणखान्याला इथे साल म्हणतात; त्या सालात आता कॉकटेल बार. लाल गुळगुळीत जमीन, वर नळ्यांची कौलं आणि शिंपल्यांच्या खिडक्या. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो: काच महाग होती त्या काळी चपट्या शिंपल्यांचे चार बोटांएवढे चौकोन कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवत. पावसात खिडकी मिटली तरी दुधाळ उजेड आत येतो, ऊन मात्र बोचत नाही. इथल्या सगळ्या खिडक्या मिटलेल्या, कारण आत एसी वीस अंशांवर.

मॅनेजरनं आधी मला एक काळा एप्रन दिला. "गेस्ट यायला लागतील, तुम्ही स्टाफसारखे दिसा." गॅसच्या टाकीलाही एखादा एप्रन द्या म्हणणार होतो, पण त्याचा चेहरा बघून गप्प बसलो.

काउंटरमागे पेडण्याचा एक पोर. दंडावर गोंदण, कमरेला चामड्याचा पट्टा, त्यात सुऱ्या-चिमटे. "काका, सकाळच्यान बर्फ पडूंक ना," म्हणाला. मग मी सावंतवाडीकडचा कळल्यावर मराठीत आला. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा "गॅस कमी आहे" म्हणून गॅस भरला, दोन्ही वेळा बिल दिलं. दोन-तीन दिवस मशीन चाललं, पुन्हा बंद. आमच्या धंद्यात काय बिघडलंय ते कळलं नाही की गॅस भरतात, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतोय.

मशीन कुठाय विचारलं, तर त्यानं सागवानी फळीचा एक दरवाजा उघडला. आतून भट्टीसारखी झळ आली. काउंटरच्या टोकाला, भिंतीत बसवलेल्या एका कपाटात मशीन कोंडलेलं. हवा खेचायची आणि सोडायची वाट समोरच्याच बाजूला, आणि समोर हा बंद दरवाजा. म्हणजे मशीननं स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा स्वतःच ओढायची. थर्मामीटर आत टाकला. एकावन्न अंश. बाहेर गिऱ्हाईक वीस अंशांत शाल मागतंय आणि इथे बिचारं मशीन एकावन्नात बर्फ करतंय.

मग गेज लावायचीही फारशी गरज नव्हती, तरी लावली. प्रेशर चढत गेलं आणि एचपी, म्हणजे हाय प्रेशर, कट पडला. हा कट म्हणजे कॉम्प्रेसरचा जीव वाचवणारं बटण. प्रेशर हाताबाहेर गेलं की मशीन बंद पाडतो. लोकांना वाटतं मशीन बिघडलं. ते बिघडलेलं नसतं, गुदमरलेलं असतं. त्यातून आधीच्या माणसानं दोनदा जास्तीचा गॅस भरून प्रेशर आणखी चढवून ठेवलेलं. या मशिनांच्या कॅटलॉगात दिवसाला किती किलो बर्फ ते ठळक छापलेलं असतं, आणि खाली बारीक अक्षरात: हवा 21 अंश, पाणी 10 अंश असताना. पणजीत एप्रिलमध्ये 10 अंशांचं पाणी म्हणजे काय, मला माहीत नाही.

जास्तीचा गॅस काढून घेतला, कंडेन्सरची, म्हणजे गरमी बाहेर टाकणारी, जाळी धुतली. किती मळ निघाला ते लिहीत नाही, तिथे लोक पितात. पण गरम हवेला बाहेर जायला वाट हवीच होती. "भिंतीला एक भोक पाडू द्या, सहा इंची डक्ट टाकतो," म्हटलं. मॅनेजर उडालाच. हा भाग संवर्धन क्षेत्रात येतो, खिळा मारायचा तरी परवानगी लागते. बरोबरच आहे त्याचं. अशा भिंतीला भोक पाडायला माझाही हात धजला नसता.

मी मशीन पुढे ओढलं आणि टॉर्च घेऊन मागे घुसलो. पाठीमागच्या प्लायवर टकटक केलं तर पोकळ आवाज. चिऱ्याची भिंत अशी वाजत नाही. चार स्क्रू सोडवले, प्लाय बाजूला केला आणि मागे खिडकी! अख्खी, बिजागऱ्यांसकट, वरच्या दोन-तीन चौकोनांतले शिंपले तेवढे गेलेले. ढकलली तर कुरकुरत आतल्या अंगणात उघडली. तुळशीवृंदावनासारखा एक क्रूस, त्याच्या भोवती कर्दळी, आणि वाऱ्याची झुळूक सरळ माझ्या तोंडावर. घर बांधणाऱ्यानं नेमकी तिथेच हवेची वाट ठेवली होती, आणि नव्या सजावटवाल्यानं तिच्यावर प्लाय मारून मशीन उभं केलं होतं.

मॅनेजर म्हणाला, आर्किटेक्टला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. फोन स्पीकरवर. त्या बाई मुंबईत कुठल्यातरी लग्नात होत्या, मागे सनई वाजत होती. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या खिडकीवर प्लाय कोणी मारला?" मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघितलं. "उघडी ठेवा," त्या म्हणाल्या, "आणि परत कोणी बंद केली तर मला फोन करा."

मशीन फिरवून त्याचं तोंड खिडकीकडे केलं, थंड हवा सालातून घेईल आणि गरम अंगणात सोडेल असे पत्र्याचे दोन आडोसे लावले. सात वाजले होते. आता थांबणं एवढंच काम.

तोवर गिऱ्हाईक यायला लागलं. मी कपाटाच्या दाराआड स्टुलावर बसलेलो, दिसत कोणालाच नव्हतो, ऐकू सगळं येत होतं. एक मुलगी पाहुण्यांना घराची माहिती सांगत होती. 1843 मध्ये पणजी राजधानी झाली, मग इथे सरकारी माणसांची घरं उभी राहिली, वगैरे. तिथपर्यंत ठीक. मग म्हणाली, हा काउंटर घराइतकाच जुना आहे. तो काउंटर कुडाळच्या एका सुतारानं दोन वर्षांपूर्वी बनवलाय. त्याच्या घरचा फ्रिज मीच दुरुस्त करतो. कपाटातून आवाज देणं बरं दिसलं नसतं.

पहिली ऑर्डर आली हुर्राकच्या कॉकटेलची. काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली धार म्हणजे हुर्राक, ती पुन्हा भट्टीवर चढवली की फेणी. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती वर्षानुवर्षं टिकते. हुर्राकचं तसं नाही. मार्च ते मे, की संपलं. आमच्याकडे ती लिम्कात ओततात, चिमूटभर मीठ, लिंबू आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. इथेही तेच होतं, फक्त मिरचीचं तेल तीन थेंब, मीठ ग्लासच्या अर्ध्याच काठाला आणि मेनूवर किंमत साडेनऊशे, वर कर वेगळा. हसायला आलं. पण मग त्या पोरानं डीप फ्रीझर उघडला आणि माझं हसू थांबलं.

त्यानं बाहेर काढली ती बर्फाची वीट. दीड वीत लांब, आणि इतकी आरपार की खालच्या फडक्यावरचे धागे मोजता यावेत. "मशीनचा नाही हा," म्हणाला. "मशीनवर भरवसा नाही म्हणून परवापासून करून ठेवलाय." पिकनिकचा आइसबॉक्स, झाकण काढून, पाणी भरून फ्रीझरमध्ये. बाकी बाजूंनी थर्माकोल, त्यामुळे थंडी फक्त वरून लागते. बर्फ वरून खाली धरत जातो आणि पाण्यातली हवा, क्षार, सगळं खाली ढकलत नेतो. पूर्ण गोठायच्या आत काढायचा, तळचा पांढरा भाग कापून टाकायचा. साध्या ट्रेमध्ये चहूबाजूंनी गोठतं, सगळी घाण मध्ये अडकते, म्हणून घरच्या बर्फाचं पोट पांढरं.

त्यानं वीट लगेच कापली नाही. फडक्यावर ठेवून दिली. वरचं धुकं जाऊन तिला घाम सुटेपर्यंत थांबला. थंडगार बर्फाला सुरी लावली तर तडे जातात. मग करवती सुरी विटेवर टेकवली, लाकडी हातोडीनं मागे हलकेच दोनदा ठोकलं. टक, टक. वीट सुताच्या रेषेत दुभंगली. ग्लासात तो चौकोन सोडल्यावर दिसेनासाच झाला.

माझे वडील वेंगुर्ल्याला बर्फाच्या कारखान्यात होते. मिठाच्या पाण्याची ती थोरली टाकी, तिच्यात बुडवलेले पत्र्याचे डबे, नाकात अमोनिया. प्रत्येक डब्यात हवेची बारीक नळी सोडलेली असे, पाणी गोठताना हलतं राहावं म्हणून. शेवटी मधोमध राहिलेलं मचूळ पाणी उपसून चांगलं पाणी ओतायचे. ज्या पाळीवाल्यानं आळस केला त्याच्या लादीत मधोमध पांढरा दोर, आणि तो दोर बघून मुकादम नाव घेऊन शिव्या द्यायचा. तो बर्फ जायचा बांगड्यांवर. 2018 पासून तर न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, तेव्हा तसं काही नव्हतं. आम्ही पोरं त्याचेच तुकडे चोखायचो. पोराला हे सांगितलं. त्याच्या हातात तीन ऑर्डरी होत्या, तरी तो थांबून म्हणाला, "नळी? मधूनच? काका, हे मला परत नीट सांगा."

आठ वाजून दहा मिनिटांनी कपाटात खळ्ळकन आवाज झाला. पहिली खेप पडली. ती टाकून दिली, दुसरीही टाकली. तिसरी स्वच्छ. थर्मामीटर चौतीसवर. मॅनेजर धावत आला, मूठभर खडे उजेडात धरून बघितले आणि पहिल्यांदाच मला "सर" म्हणाला. बिल मात्र सोमवारी ऑफिसात पाठवा म्हणाला. पैसे अजून यायचेत.

पोरानं हुर्राक पुढे केली. मला अजून दीड तास स्कूटर चालवायची होती, म्हणून नको म्हटलं. मग त्यानं माझा चहाचा थर्मास मागून घेतला, विटेचा उरलेला एक तुकडा तोंडातून जाईल एवढा तासून आत सोडला. "बाबांना दाखवा."

हद्दीजवळच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर शिपायानं टॉर्च मारून थांबवलं. गोव्याकडून रात्री येणारा माणूस, हातात थर्मास. काय आहे? म्हटलं, बर्फ. त्यानं झाकण उघडून वास घेतला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वास घेतला. "बर्फासाठी गोव्याक गेल्लास?" म्हणाला आणि सोडलं.

वडील जागेच होते. तुकडा अंगठ्याएवढा उरला होता. त्यांनी तो चिमटीत धरून दिव्याकडे केला, एका डोळ्यानं आरपार बघितलं, मधला दोर शोधला. मिळाला नाही. मग तोंडात टाकून बराच वेळ चघळत बसले.

"जमलो हा," म्हणाले. "पण लादी बारीक."