राजगड: संजीवनी माचीसाठी वेळ राखून ठेवा

राजगडावर जाणाऱ्या बऱ्याच जणांचा दिवस पद्मावती माची आणि बालेकिल्ल्यातच संपतो. या वेळी आम्ही ठरवूनच आधी संजीवनी गाठली.

पुणे-सातारा रस्त्यावरून नसरापूरला आत वळलं की पायथ्याची दोन गावं सोयीची, गुंजवणे आणि पाल. गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट जवळची, पण शेवटी रेलिंग धरून कातळ चढावा लागतो. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर पालहून पाली दरवाजाच बरा. हा राजमार्ग, ऐसपैस पायऱ्यांचा.

संजीवनीचा दुहेरी तट बघायलाच हवा. आत एक भिंत, बाहेर दुसरी, मधे माणूस जेमतेम चालेल एवढी फट. बाहेरचा तट पडला तरी शत्रू त्या फटीत अडकून वरच्या माऱ्यात सापडणार. त्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या अंधाऱ्या आहेत, विजेरी हाताशी ठेवा. माचीच्या टोकापर्यंत जाऊन यायला निवांत दोन-तीन तास धरा. वाटेत सावली जवळजवळ नाही, म्हणून सकाळीच जावं. समोर तोरणा अखंड दिसत राहतो.

बालेकिल्ल्याची चढण उभी आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे रांग लागते. उतरणाऱ्यांना आधी वाट द्या. पावसात कातळ निसरडा होतो, तेव्हा बालेकिल्ला सोडून दिलेला बरा. वर वाड्यांची जोतीच उरली आहेत. आग्र्याहून सुटून महाराज 1666 मध्ये याच गडावर परतले, आणि 1670 मध्ये राजाराम महाराजांचा जन्म इथलाच. हे माहीत असलं की त्या जोत्यांवर पाय ठेवताना आपोआप जपून ठेवला जातो.

पद्मावती माचीवर सईबाईंची समाधी आहे. 1659 च्या सप्टेंबरात त्या गेल्या. शंभूराजे तेव्हा दोन वर्षांचे, आणि अफजलखान स्वराज्यावर चालून आलेला. लोक समाधीशेजारीच डबे उघडून बसतात, ते मनाला लागतं. जेवायला माचीवर भरपूर जागा आहे.

सुवेळा माचीच्या नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकात, मधमाश्यांची पोळी असतात. तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा काहीही नको. पोळी जागी दिसली तर नेढं लांबूनच बघा.

पाणी माणशी तीन लिटर न्या. अंधारापूर्वी पायथा गाठायचा असेल तर दुपारी तीनच्या सुमारास उतरायला लागा. 2025 मध्ये गड जागतिक वारसा यादीत आला आहे, गर्दी वाढणारच. जमलं तर आठवड्याच्या मधल्या वारी जा.