दोन निळी, दोन पांढरी

नाशिकच्या सातपूरला माझा दहावीचा क्लास आहे, संध्याकाळी साडेसहाची बॅच, बहुतेक पोरांचे वडील सातपूर नाहीतर अंबडच्या एमआयडीसीत शिफ्टला जातात. जानेवारीपासून आमच्याकडे फक्त रिव्हिजन चालते आणि त्यात संभाव्यतेच्या वाट्याला एक तास येतो. कारण सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय की हा धडा म्हणजे फुकटचे मार्क. S म्हणजे सगळ्या शक्यता, त्या लिहा, त्या किती ते n(S) लिहा, A म्हणजे त्यातल्या हव्या त्या, त्या लिहा, n(A) लिहा, भागाकार करा, पुढे चला. माझ्या ओळखीचे एक सर तर हा धडा शिकवतच नाहीत, पाच उत्तरं पाठ करून घेतात. मला त्याचा राग येतो, पण त्या दिवशी मीही तास अर्ध्यातच गुंडाळायला निघालो होतो हे खरंय.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, सर एक विचारू का, घरचं आहे. तिच्याकडे रात्रीची भांडी कोण घासणार यावरून ती आणि धाकटा भाऊ रोज भांडायचे, म्हणून आईने एक तोडगा काढला. स्टीलच्या डब्यात पाण्याच्या बाटल्यांची चार बुचं, दोन निळी आणि दोन पांढरी. न बघता एकदम दोन काढायची. एका रंगाची निघाली तर भाऊ घासणार, वेगवेगळ्या रंगाची निघाली तर ही. म्हणाली, सर मलाच जास्त वेळा घासावी लागतात, मी कॅलेंडरवर फुल्या मारल्यात, 40 रात्रींत 27 वेळा मी.

आणि मी काय म्हणालो, तर अगं दोन-दोन बुचं आहेत ना, मग निम्मं-निम्मंच, 40 म्हणजे काही फार नाही, योगायोग असतो असा. 22 पोरांसमोर, खडू हातात धरून, एक सेकंद विचार न करता. ही गोष्ट अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

ती गप्प बसली नाही हे तिचं मोठेपण. वहीत शिकवल्याप्रमाणे तिने S लिहायला घेतला, बुचांना नंबर दिले, नि1 नि2 पा1 पा2, आणि जोड्या मांडल्या. नि1नि2, नि1पा1, नि1पा2, नि2पा1, नि2पा2, पा1पा2. सहा जोड्या, त्यात वेगळ्या रंगाच्या चार. म्हणजे 4/6, म्हणजे 40 रात्रींत साधारण 27. वही माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, सर हे चुकलं का?

चुकलं नव्हतं. चुकलो मी होतो, आणि तसं मी तिथेच सगळ्यांना सांगितलं. एक बूच हातात आलं की डब्यात तीन उरतात, त्यातलं त्याच रंगाचं फक्त एक, इतकं सरळ आहे ते. मी "सारखे" आणि "वेगळे" असे दोनच प्रकार बघितले आणि दोन्हींना समान धरलं. अठराव्या शतकातला दालांबेर हा मोठा फ्रेंच गणिती, त्याने 1754 मध्ये असंच केलं होतं. नाणं दोनदा टाकून निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता त्याने 2/3 सांगितली, ती 3/4 आहे. पहिल्यांदाच छापा आला तर थांबायचं म्हणून त्याने तीनच शक्यता मोजल्या आणि तिन्ही सारख्या वजनाच्या धरल्या. हे मी पोरांना सांगितलं ते माझी चूक झाकायला नाही, चूक नेमकी कुठे होते ती जागा कळावी म्हणून.

मग खरा प्रश्न तिनेच विचारला. सर, मग किती-किती बुचं ठेवली म्हणजे बरोबर निम्मं होईल?

एकजण म्हणाला जास्त ठेवा, दहा-दहा. करून बघितलं. एक काढलं की 19 उरतात, त्याच रंगाची 9, म्हणजे 9/19, अजूनही कमीच. शंभर-शंभर ठेवली तर 99/199. k आणि k ठेवली तर (k−1)/(2k−1), आणि वरच्याची दुप्पट 2k−2, ती खालच्यापेक्षा कायम एकने कमी. म्हणजे समसमान ठेवलं तर निम्मं कधीच होणार नाही, कितीही बुचं आणा. वर्ग एकदम शांत झाला होता, संभाव्यतेच्या तासाला असं होत नाही कधी.

आता यादी करून भागत नाही, बुचं किती तेच माहीत नाही, म्हणून x आणि y घ्या म्हटलं. x निळी, y पांढरी. वेगळ्या रंगाच्या जोड्या xy. निळ्या-निळ्या जोड्या x(x−1)/2, पांढऱ्या-पांढऱ्या y(y−1)/2. निम्मं-निम्मं हवं म्हणजे शेवटच्या दोघांची बेरीज xy एवढी व्हायला पाहिजे. दोनने गुणलं, सगळं एका बाजूला आणलं, आणि फळ्यावर आलं

(x−y)² = x+y

पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा लगेच म्हणाला, सर समीकरण एक आणि चल दोन, सुटणार नाही. हे आमचंच पाप, आम्ही तेच घोकून घेतो. मी म्हटलं x आणि y पूर्ण संख्या आहेत, अर्धं बूच नसतं, तेवढं धरून बघ. फरकाला d म्हणा. मग बेरीज d². फरक माहीत, बेरीज माहीत, हे तर पहिल्या धड्यातलं. x = (d²+d)/2, y = (d²−d)/2. d ला 2 द्या, 3 आणि 1. d ला 3 द्या, 6 आणि 3. मग 10 आणि 6, मग 15 आणि 10. मागून कोणीतरी ओरडलं, सर हे श्रेढीच्या धड्यातलं, 1+2+3+4 वालं! खरंच तेच, 1+2 = 3, 1+2+3 = 6, 1+2+3+4 = 10. एकाच पुस्तकातले धडे, वर्षभर वेगवेगळे शिकवले, आणि सगळे एका डब्यातून बाहेर आले.

सुट्टीची वेळ होऊन गेली तरी पोरं d वाढवत बसली होती. d = 10 ला 55 आणि 45 आलं, एकूण 100 बुचं. ते बघून मला राहवलं नाही. माझ्या क्लासच्या भिंतीवर एकच फोटो आहे, देवळालीच्या शाळेत मास्तर असलेल्या कापरेकरांचा, 6174 या संख्येमुळे ओळखले जाणारे गणिती ते. मी लिहिलं, 45 चा वर्ग 2025, 20+25 = 45. 55 चा वर्ग 3025, 30+25 = 55. वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की तीच संख्या परत, म्हणजे दोन्ही कापरेकर संख्या! जोडी बुचांच्या हिशोबातून आली होती, मी शोधायला गेलोच नव्हतो. पोरांनी एकदम फोटोकडे मान वळवली. बाहेर दोन-तीन पालक गाड्या चालू करून हॉर्न वाजवत होते, मी त्यांना हाताने थांबा म्हटलं.

आणि 3-1 चा अर्थ त्या मुलीला सगळ्यात आधी कळला. घरातल्या डब्यात फक्त एक पांढरं काढून त्या जागी निळं टाकायचं. सहा जोड्या, तीन सारख्या, तीन वेगळ्या.

घरी ते कोणी ऐकेना. भाऊ म्हणाला तीन निळी आणि एक पांढरं ही चीटिंग आहे. आईलाही दोन-दोनच सरळ वाटतं, आणि वाटणारच, मलाही वाटलं होतं, मी तर पैसे घेऊन शिकवतो हे. शेवटी काल ती भावाला घेऊन क्लासला आली. आठवीतला आहे, हाताची घडी घालून बसला होता. मी समीकरणाचं नाव काढलं नाही, कागदावर चार ठिपके दिले, तीन निळे, एक साधा, आणि सांगितलं प्रत्येक दोघांत रेघ मार. त्याने मारल्या, मोजल्या, आणि पेनाची टोपी लावून परत पहिल्यापासून मोजल्या.

कालपासून डब्यात 3-1 आहे. बहिणीचं म्हणणं मात्र संपलेलं नाही. 40 रात्रींत तिच्या वाट्याला 20 यायला हव्या होत्या, 27 आल्या, त्या वरच्या सात रात्री भावाने भरून द्याव्यात. गणिताने ते ठरत नाही, पण मी तिच्या बाजूने आहे.