कोमेजलेला गुलाब आणि लॅबच्या तीन खेपा

“सर, फोटो हललेला दिसायलाय. शार्प करून देऊ का?” छत्रपती संभाजीनगरातल्या एका लॅबच्या काउंटरवर हे मी तीनदा ऐकलं. कोमेजलेल्या फुलांचे मुद्दाम धूसर केलेले फोटो छापून घ्यायचे असतील, तर या प्रश्नाचं उत्तर घरूनच तयार ठेवून जा.

फोटो काढणं त्या मानानं सोपं. 50 मिमीची लेन्स, मागे 12 मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स थोडी पुढे ढकलून जवळचं टिपू देणारी पोकळ नळी), ट्रायपॉड, आणि खिडकीवर जुन्या धोतराचा पडदा. एफ/1.8 वर (आकडा लहान, तर लेन्सचं छिद्र मोठं) एवढ्या जवळून जेमतेम मिलिमीटरभर भाग फोकसमध्ये येतो. एफ/5.6 वर पाकळीची सुरकुतलेली कड नीट मिळते आणि मागचं तरीही विरघळतं. कॅमेरा हलवून धूसर करायचं तर आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची क्षमता) 100, एफ/16, अर्धा सेकंद. ट्रायपॉडचा उभा स्क्रू सैल करून देठाच्या दिशेनं एकदाच सावकाश खाली. आडवा हलवलात तर नुसता चिखल. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगछटा जुळवणारी सेटिंग) ‘डेलाइट’वरच ठेवा, ऑटो पाकळीवरचा तपकिरी रंग कमी करतो.

फुलाचं म्हणाल तर आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गुलाब कोमेजत नाही, थेट पापड होतो. डब्यात ओलसर फडकं घालून झाकण लावलं तर मऊ, लोंबती अवस्था जास्त टिकते. घाई असेल तर त्याच डब्यात पिकलेली केळी ठेवा. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे गुलाब लवकर उतरतो. लाल गुलाब जुना होताना जांभळट पडतो तो पेशीरसातली आम्लता कमी झाल्यामुळे. तो जांभळा रंग एडिटिंगमध्ये ‘दुरुस्त’ करू नका, फोटोचा जीव तिथंच आहे.

आता लॅब. पहिली खेप: 12 बाय 18 इंच, चकचकीत कागद. मशीनच्या ऑटो करेक्शननं फोटो उजळ केला, तपकिरी झाक काढली आणि तीन दिवसांचं निर्माल्य सकाळी तोडल्यासारखं करून दिलं. वर मागच्या धूसर भागात पट्टे. डोंगरउतारावर समतल चर खणतात ना, अगदी तसे. सगळा राग लॅबवर काढून झाला. दुसऱ्या खेपेला करेक्शन बंद करून घेतलं, रंग बरोबर आले. पट्टे मात्र जिथल्या तिथं! म्हणजे चूक फाइलमध्येच होती, माझी.

कारण साधं आहे. जेपेग, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, 8 बिटची असते, प्रत्येक रंगाला उजेडाच्या 256 पायऱ्या. मागचा काळोख त्यातल्या 60व्या पायरीपासून 75व्या पायरीपर्यंत हळूहळू उजळत असेल, तर कागदाच्या 12 इंचांत पायऱ्या फक्त 15. 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 12 इंच म्हणजे 3600 पिक्सेल, म्हणजे एकेक पट्टा 240 पिक्सेलचा, तब्बल दोन सेंटिमीटर. तो दिसणारच. एरवी सेन्सरचा बारीक दाणा या पायऱ्या झाकतो, पण गॉशियन ब्लर (एडिटिंगमधला धूसर करणारा फिल्टर) तो दाणाच पुसून टाकतो.

त्यामुळे रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) 16 बिटमध्येच उघडायची. गिम्प हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, 2.10 आवृत्तीपासून त्यात 16 बिटचं काम जमतं. लेयरची (फोटोच्या थराची) प्रत करा, तिला 24 मेगापिक्सेलच्या फोटोत 25-30 पिक्सेलचा ब्लर, मोड ‘स्क्रीन’ (खालच्या थरात मिसळून उजळ करणारा) आणि ओपॅसिटी, म्हणजे थराचा गडदपणा, 40 टक्क्यांच्या आसपास. छायाचित्रकार मायकेल ऑर्टन यांनी 1980 च्या दशकात दोन स्लाइड एकमेकींवर ठेवून साधलेला परिणाम तो हाच. सगळा ब्लर झाल्यावर शेवटी दीड-दोन टक्के एकरंगी नॉइज (बारीक दाणा) घाला, त्यानंतरच 8 बिट, एसआरजीबी (नेहमीची रंगव्यवस्था) आणि जेपेग. मधल्या टप्प्यावर जेपेग केलीत तर सगळी मेहनत पाण्यात.

तिसऱ्या खेपेला काउंटरवर दुसराच पोरगा होता. त्यानं भलेपणानं शार्पनिंग लावलं आणि माझा तो बारीक नॉइज रव्यासारखा टरारून आला. पुन्हा प्रिंट, पुन्हा पैसे. तेव्हापासून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहूनच देतो: ‘विदाउट करेक्शन, शार्पनिंग बंद, फोटो असाच आहे’. कागद मॅट घ्या, उरलेसुरले पट्टे त्यात बुजतात. आणि थेट मोठी प्रिंट काढूच नका. त्याच फाइलमधला 1200 बाय 1800 पिक्सेलचा तुकडा कापून आधी 4 बाय 6 छापा. पट्टे आणि दाणा खऱ्या आकारात दिसतात, तेही थोडक्या पैशांत.

हो, व्हॅसलीन लावून फोटो धूसर करायचं राहिलंच. ते लेन्सवर नाही, यूव्ही फिल्टरवर (लेन्सपुढे बसवायच्या साध्या काचेवर) लावायचं, मधे रुपयाएवढी काच मोकळी सोडून. बोट फिरवाल त्या दिशेच्या आडवा उजेड पसरतो. नंतर फिल्टर काढून कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणानं धुवा; नुसत्या फडक्यानं पुसलंत तर आठवडाभर प्रत्येक फोटो धूसरच येईल.