माझा अनुभव: फोलिकची गोळी आणि "पाळी चुकली की या"

सात महिने झाले तरी तो काउंटर आठवला की डोकं फिरतं, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

जानेवारीत आम्ही ठरवलं की आता बाळाचं बघायचं. माझी मावसबहीण कागलकडं आशाताई आहे, ती संक्रांतीला आली होती, हातावर तिळगूळ ठेवता ठेवताच म्हणाली, "बाकी काय कर नको कर, फोलिकची गोळी आत्तापासून चालू कर. दिवस राहिल्यावर नव्हं, आधी." कारण सांगितलं तेही लगेच पटलं. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात तोवर काम संपलेलं, कित्येकींना तेव्हा पत्ताही नसतो. त्या दिवसांत पेशी भराभर वाढत असतात आणि त्याला फोलेट लागतं, फोलिकच्या गोळीतून मिळतं तेच जीवनसत्त्व. नळी नीट मिटली नाही तर मणका उघडा राहू शकतो, स्पायना बिफिडा म्हणतात त्याला. गोळीनं हा धोका पुष्कळ कमी होतो, अगदी शून्य होत नाही.

म्हटलं डॉक्टरांना विचारून चिठ्ठी घ्यावी, अर्ध्या तासाचं काम. हसू नका.

दवाखान्याचं नाव घेत नाही, गल्लीही सांगत नाही. काचेमागच्या ताईनं मान वर न करता विचारलं, "कितवा महिना?"

"अजून नाही, आधीच विचारायला आलेय."

"मग पाळी कधी चुकली?"

"चुकली नाही."

आता मान वर झाली. "मग तुम्हाला होतंय काय?"

मी सगळं समजावून सांगितलं, मागं रांग वाढायलीय, एक आज्जी माझ्या खांद्यावरून आत बघायल्यात. ताईनं केसपेपर काढायला घेतला तर कॉम्प्युटर शेवटच्या पाळीची तारीख घातल्याशिवाय पुढंच जाईना. घातली. लगेच माझी डिलिव्हरीची तारीख आली, ऑक्टोबर! कागद छापूनसुद्धा आला. मी म्हटलं अहो ताई, मी प्रेग्नंट नाहीये. मग तिनं तो केसपेपर कॅन्सल केला आणि मूल होत नाही म्हणून येणाऱ्यांचा रकाना उघडला. "लग्नाला किती वर्षं?" एक. "मग त्यात पण बसत नाही तुम्ही." थोडक्यात मी कुठल्याच रकान्यात नव्हते. "पाळी चुकली की दोन महिन्यांनी या, ठोके दिसतात तेव्हाच फाईल होते," असं म्हणून पुढचा नंबर पुकारला.

दोन महिन्यांनी! म्हणजे ज्या गोळीचं काम पहिल्या महिन्यात, ती मागायला तोवर यायचंच नाही. ताईचा राग नाही, तिला जे बटण दिलंय तेच ती दाबणार. पण ज्यानं तो फॉर्म बनवला त्याला एकदा त्या रांगेत उभं करायला पाहिजे.

पुढच्या आठवड्यात परत गेले, अडीच तास बसले, शेवटी कळलं मॅडम सिझरला गेल्यात, आज येत नाहीत. त्या अडीच तासांत मोबाईलवर वाचलं की १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली, गरोदर बायकांना एवढं रक्त कमी का होतं ते शोधायला, यात गिरणीत काम करणाऱ्या बायकाही होत्या. यीस्टचा अर्क दिल्यावर त्या सुधारल्या, आणि त्यातली ती गुणकारी चीज म्हणजेच फोलेट. मुंबईत सापडलेला धागा, आणि मी कोल्हापुरात त्याच्यासाठी प्लॅस्टिकच्या खुर्चीत.

तिसऱ्या खेपेला शहाणी झाले. काउंटरवर सांगितलं, "जनरल चेकअप, थकवा येतोय." पाच मिनिटांत केसपेपर. कुणाला उपयोगी पडलं तर हेच सांगा, थकवा कुणाला नसतो.

आत गेल्यावर मात्र मॅडम खूश झाल्या, आधी विचारायला कुणी येतच नाही म्हणाल्या (येतात हो, काउंटरवरनं परत जातात). रोज ४०० मायक्रोग्रॅम, निदान एक महिना आधीपासून आणि तिसरा महिना संपेपर्यंत. तांबडा-पांढरा ओरपणाऱ्या घरात मी एकटी शाकाहारी, म्हणून बी-१२ पण तपासायला लावलं, ते कमी असताना नुसतं फोलिक घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि बी-१२ ची कमतरता झाकून राहते.

मग मेडिकल. पहिल्या दोन्ही ठिकाणी ५ मिलिग्रॅमचीच पिवळी गोळी पुढं केली, "सगळ्या हीच नेतात." चिठ्ठीपेक्षा साडेबारा पट! ती गोळी वाईट नाही, पण आधीच्या बाळाला असा त्रास झाला असेल किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील अशांना डॉक्टर मुद्दाम देतात. चौथ्या मेडिकलात ४०० ची मिळाली. स्ट्रिपवरचे आकडे स्वतः वाचा, मायक्रो का मिली तेवढं बघा.

अरे हो, सासूबाईंचं राहिलंच. "आम्ही कुठं गोळ्या खाल्ल्या, पालक खा." पालकात, मेथीत, चवळीत, मसुरात फोलेट असतं हे खरंच, पण त्या पालक उकळून हिरवं पाणी मोरीत ओततात आणि फोलेट पाण्यात उतरतं. आता त्याच पाण्यात कणीक मळतात, गोळीही चालू ठेवली. तिसऱ्या महिन्यानंतर ती बंद होऊन लोहाची लाल गोळी आली, सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोहासोबत ५०० मायक्रोग्रॅम फोलिक असतंच.

एप्रिलनंतर पाळी आली नाही. जूनमध्ये त्याच काउंटरवर फाईल झाली, या वेळी कॉम्प्युटर एकदम खूश. ऑगस्टमध्ये धो धो पावसात एकोणीसाव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली, मॅडमनी स्क्रीनवर मणका दाखवला, पांढऱ्या मण्यांच्या दोन माळा शेजारी शेजारी, शेवटपर्यंत मिटलेल्या. मी बघतच राहिले.

बाहेर येऊन फाईल चाळली तर 'फोलिक ॲसिड कधीपासून' या रकान्यात ताईनं जून लिहिलेलं. परत काउंटरवर गेले, रांगेत उभी राहिले, आणि खोडून जानेवारी लिहून घेतलं.